ऐरोली: छतावरच्या सोलरच्या कर्जाला मीटरचा तासातासाचा हिशेब कशाला लागतो?

सुजाता_ऐरोली

नमस्कार. आमचं ऐरोलीत सिडकोचं जुनं रो-हाऊस आहे, वर मोकळी गच्ची. घरात मी, मिस्टर, मुलगी आणि सासरे. सासऱ्यांना दोन वर्षांपासून ऑक्सिजन लागतो. पाच लिटरचं कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं मशीन, त्यांच्या पलंगाशी असतं. रात्री नऊला लावलं की दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत चालू. मशीनवर ३५० वॅट लिहिलंय, म्हणजे दिवसाला पाच-सव्वापाच युनिट, महिन्याला दीडशेच्या पुढे. एवढ्याने आमचं बिल वरच्या स्लॅबमध्ये जातं. गेल्या मे महिन्यात पाच हजार ओलांडले. म्हणून ३ किलोवॉटचं सोलर बसवायचं ठरवलं. पीएम सूर्यघर योजनेत त्याला ७८,००० रुपये अनुदान आहे, पण ते काम झाल्यावर खात्यात येतं. हाताशी थोडे पैसे होते, बाकी दीड लाखाचं कर्ज काढायचं होतं.

सोलर कंपनीचा मुलगा टॅबलेट घेऊन आला. पोरगा चांगला होता. गच्चीवर चढून पाण्याच्या टाकीची सावली कुठवर येते ते खडूने आखून गेला. म्हणाला, बँकेत खेटे कशाला घालता, आमच्या ॲपवर ‘ग्रीन लोन’ दहा मिनिटांत होतं. माझ्याच फोनवर ॲप टाकलं. मी शाळेत शिकवते, मुलांना सतत सांगते की वाचल्याशिवाय काही लिहून देऊ नका. पण तो पुढचं पुढचं दाबत गेला आणि मी ओटीपी सांगत गेले. चुकलंच माझं.

रात्री सगळे निजल्यावर ईमेलवर आलेली संमतीची प्रत उघडली. इंग्रजीत अकरा पानं. मुलीला बरोबर घेऊन वाचली. त्यात आहे ते असं: माझ्या बँक खात्याचे व्यवहार अकाउंट अ‍ॅग्रिगेटर, म्हणजे खात्याची माहिती आपल्या परवानगीने पुढे पोहोचवणाऱ्या संस्थेमधून रोज पाहण्याची परवानगी, मुदत पाच वर्षं. फोनमधले कॉन्टॅक्ट. महावितरणच्या मीटरचा तासातासाचा वापर, तोही पाच वर्षं, आणि तो ‘आर्थिक व इतर भागीदारांना’ देण्याची मुभा. शेवटी एक ओळ की या पॅनेलमधून मिळणारे कार्बन क्रेडिट (कार्बन वाचवल्याबद्दल मिळणारं, विकता येणारं प्रमाणपत्र) आणि तत्सम लाभ कंपनीचे राहतील.

मीटरचं वाचून मी महावितरणच्या ॲपवर आमचाच आलेख काढला. आमच्याकडे नवीन टीओडी मीटर (वेळेनुसार वापर मोजणारा) बसलाय, त्याचा तासाचा वापर दिसतो. रात्री नऊला रेघ वर चढते, दुपारी बाराला उतरते. रोज. फेब्रुवारीत मात्र सलग नऊ दिवस ती चढलेलीच नाही. ते नऊ दिवस सासरे हॉस्पिटलात होते. मला तो आलेख बघवेना. आमच्या घरात एक आजारी माणूस आहे, तो रात्री कसा श्वास घेतो आणि कधी घरात नव्हता, हे सगळं त्या एका रेघेवर आहे. हे मी कुठल्या ‘भागीदारा’ला दिलंय?

तिसऱ्या दिवशी पनवेलहून नणंदेचा फोन. तिला कुणीतरी फोन करून विचारलं होतं, ‘ऐरोलीच्या मॅडमनी आमच्याकडून सोलरसाठी कर्ज घेतलंय, तुम्हालाही हवंय का?’ नणंदेचा नंबर मी कुठेही भरला नव्हता. ती रडत म्हणाली, ‘वहिनी, बाबांच्या औषधपाण्याला पैसे कमी पडत होते तर मला सांगायचं.’ मला काय बोलावं कळेना.

कर्ज अजून मंजूर झालेलं नाही, पैसे आलेले नाहीत. सोलर मला हवंच आहे, ते सोडायचं नाही. पण या कर्जाला खरंच एवढं सगळं लागतं का? दिलेली संमती परत घेता येते का, आणि घेतली तर कर्ज अडतं का? ते मीटरचं तर मला आधी थांबवायचंय. जाणकारांनी सांगा.

प्रशांत_घणसोली

ताई, मी दीड वर्षापूर्वी असंच ॲपवरून घेतलं, काही त्रास नाही. बिल दीडशे-दोनशेवर आलंय, उन्हाळ्यात तर त्याहून कमी. माहिती आज सगळ्यांकडेच आहे, एक ॲप कमी की जास्त. पॅनेल एकदा लागले की वीस-पंचवीस वर्षं वीज देतात. एवढ्यासाठी काम थांबवू नका असं मला वाटतं.

श्रीकांत_नौपाडा

सुजाताताई, मी एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात २६ वर्षं काढून निवृत्त झालो. कर्जदाराची फाइल कितीही जाड असली तरी आम्ही त्यात दोनच गोष्टी शोधायचो: माणूस फेडेल का, आणि वस्तू खरंच घेतली का. तुमची ती अकरा पानं या दोन्हीच्या फार पलीकडे गेली आहेत.

आधी फोनमधल्या नंबरांचं. हे सरळ नियमाबाहेर आहे. रिझर्व्ह बँकेने डिजिटल कर्जाचे नियम २ सप्टेंबर २०२२ ला काढले आणि ८ मे २०२५ ला ते सगळे एकत्र आणले. त्यात स्पष्ट आहे: कर्जाच्या ॲपने फोनमधल्या फाइल, फोटो, कॉन्टॅक्ट, कॉलची नोंद यांना हात लावायचा नाही. कॅमेरा, माइक, लोकेशन फक्त एकदा, केवायसीपुरतं, तेही विचारून. तुम्ही ‘हो’ म्हटलं होतं हा बचाव इथे चालत नाही, कारण मनाई ॲपला आहे. नणंदबाईंना आलेल्या फोनचा नंबर, तारीख, वेळ आजच लिहून ठेवा. त्यांच्या फोनचा स्क्रीनशॉट मागवून घ्या.

संमती परत घेता येते. त्याच नियमांत कर्जदाराला विशिष्ट माहितीला नकार देण्याचा, तिसऱ्याला देऊ नका म्हणण्याचा, दिलेली संमती काढून घेण्याचा आणि माहिती पुसून टाकायला लावण्याचा अधिकार आहे. अकाउंट अ‍ॅग्रिगेटरची संमती मात्र सोलरच्या ॲपमध्ये रद्द होत नाही. ज्या अ‍ॅग्रिगेटरवरून तुम्ही खातं जोडलं त्याच्या स्वतःच्या ॲपमध्ये जा. तिथे संमतीच्या यादीत उद्देश, मुदत, किती वेळा माहिती ओढणार, किती दिवस ठेवणार, सगळं दिसेल. रद्द केलं की पुढचं ओढणं थांबतं. आधी गेलेलं त्यांच्याकडेच राहतं, ते पुसायला वेगळं पत्र द्यावं लागतं. अ‍ॅग्रिगेटर स्वतः तुमचे व्यवहार वाचू शकत नाही, कुलूपबंद पाकीट एकीकडून दुसरीकडे नेतो एवढंच. तेव्हा राग त्याच्यावर नको. कर्ज देताना मागच्या वर्षाचे व्यवहार एकदा बघणं मी समजू शकतो. पाच वर्षं रोज घरात डोकावणं मला पटत नाही.

आणि कृपा करून ॲप आधी काढून टाकू नका. लोक हेच करतात आणि मग तक्रार कुठल्या खात्याची तेच सापडत नाही. क्रम असा ठेवा: सेटिंगमधून परमिशन बंद, अ‍ॅग्रिगेटरची संमती रद्द, मग तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल. त्याचं नाव-पत्ता ॲपवर असणं बंधनकारक आहे. तक्रार क्रमांक घ्या. ३० दिवसांत उत्तर नाही, किंवा पटणारं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर फुकट तक्रार करता येते. माहितीसाठी त्यांचा फोन १४४४८. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर १ जुलै २०२५ पासून कर्जाच्या ॲपची यादी आहे, त्यात हे ॲप कोणत्या कर्जसंस्थेच्या नावावर आहे ते बघा. एक ध्यानात ठेवा, ती यादी कर्जसंस्थांनीच भरून दिलेली आहे. यादीत नाव दिसलं म्हणजे रिझर्व्ह बँकेने पाठ थोपटली असं नाही.

आता ते ‘ग्रीन’. यात थोडं खरंही आहे म्हणून सविस्तर लिहितो. बँकांना आता हरित कर्ज दाखवायला हवं असतं. रिझर्व्ह बँकेने ११ एप्रिल २०२३ ला हरित ठेवींची चौकट दिली, ती १ जूनपासून लागू झाली. ठेवीदाराचा पैसा खरंच सौरऊर्जेसारख्या कामाला गेला का, हे बाहेरच्या संस्थेकडून दरवर्षी तपासून घ्यावं लागतं. चांगलीच गोष्ट आहे. नाहीतर हिरवा रंग फासून कुणीही काहीही विकेल. तेव्हा पॅनेल बसले का आणि ते चालतात का, हे विचारायचा हक्क कर्ज देणाऱ्याला आहे. पण त्यासाठी काय लागतं? तुमचे ३ किलोवॉट वर्षाला साधारण ४,००० युनिट देतील. देशाच्या ग्रिडच्या हिशेबात एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. म्हणजे वर्षाला २.८ टन वाचला. झाला हिशेब. त्यात तुमच्या सासऱ्यांचं मशीन कुठे आलं? पॅनेलने किती *दिली* एवढं पुरतं. घरात कधी *वापरली* हा आकडा कुठल्याच हरित हिशेबाला लागत नाही. हा वापराचा आकडा वेगळ्याच धंद्याचा आहे: कुणाला एसी विकायचा, कुणाला विमा महाग द्यायचा.

कार्बन क्रेडिटच्या ओळीचंही तेच. केंद्राने जून २०२३ मध्ये क्रेडिटच्या व्यापाराची योजना अधिसूचित केली, त्यामुळे या ओळी आता करारात दिसू लागल्यात. एका घराच्या क्रेडिटचे पैसे फार नसतील, पण ते तुमच्या छताचे आहेत. ती ओळ खोडायला सांगा, किंवा बदल्यात काय मिळणार ते लिहून मागा.

माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहेच. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि बहुतेक जबाबदाऱ्यांना १८ महिन्यांची मुदत दिली आहे, म्हणून आज त्याच्यावर विसंबू नका. पण कायद्याच्या सहाव्या कलमात दिलेलं उदाहरण तुमच्यासाठीच लिहिल्यासारखं आहे. फोनवरून डॉक्टरी सल्ला देणारं ॲप कॉन्टॅक्टही मागतं आणि बाई दोन्हीला हो म्हणते. कायदा म्हणतो, सल्ल्याला कॉन्टॅक्टची गरज नाही, म्हणून तिची संमती सल्ल्यापुरतीच धरायची. शिवाय ही संमती मराठीत वाचायला मागण्याची सोय त्याच कायद्यात आहे.

दर काय सांगितला होता हो तुम्हाला?

सुजाता_ऐरोली

श्रीकांतकाका, मनापासून आभार. दर ‘महिना फक्त १.१ टक्का’ म्हणाला, पाच वर्षं, हप्ता ४,१५०.

श्रीकांत_नौपाडा

तो फ्लॅट दर आहे. दीड लाखावर पाच वर्षांचं व्याज आधीच लावून साठ भाग केलेत. मुद्दल फिटत जाईल तरी व्याज पहिल्या दिवसाच्या रकमेवरच. घटत्या शिलकेने काढलं तर वर्षाला २२ टक्क्यांच्या आसपास जातो. सूर्यघर योजनेत सरकारी बँका २ लाखांपर्यंत विनातारण देतात, दर ६ टक्क्यांच्या आसपास. हप्ता तीन हजारांच्या आत बसेल.

‘की फॅक्ट स्टेटमेंट’ नावाचा कागद मागा, सगळे खर्च धरून वार्षिक दर त्यावर असतो. तो कर्जदाराला समजेल अशा भाषेत देणं आणि समजावून सांगणं बंधनकारक आहे. मराठीत मागा. हा कागद हातात आल्यावर किमान तीन कामाचे दिवस विचाराला मिळतात. ‘आजच सही करा, ऑफर संपतेय’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

रात्रपाळी_रबाळे

मी रबाळे एमआयडीसीतल्या एका डेटा सेंटरमध्ये विजेच्या विभागात आहे. आत्ताच ड्यूटीवरून आलो, थोडक्यात लिहितो.

लोकांना वाटतं माहिती ‘वर कुठेतरी’ असते. ताई, कदाचित ती तुमच्या घरापासून दोन-तीन किलोमीटरवर असेल. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात जुन्या केमिकल कंपन्यांच्या शेजारी आता अशा बिनखिडकीच्या इमारती आहेत. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ ला सांगितलं की पेमेंटची सगळी माहिती फक्त भारतात ठेवायची, १५ ऑक्टोबरपर्यंत मुदत दिली. तेव्हापासून आमच्याकडे सर्व्हर ठेवायच्या रॅकला मागणी वाढतच गेलेली मी पाहिली. डिजिटल कर्जाच्या माहितीलाही सर्व्हर इथलेच लागतात. नियम मला योग्य वाटतो. माहिती इथे असली तर पुसायला लावणारा कायदाही इथला चालतो.

पण ती ठेवायला वीज लागते. सर्व्हर जेवढी खातो तेवढीच नाही, त्याला थंड ठेवायला वेगळी. समजा सर्व्हरच्या एका युनिटमागे इमारतीला दीड युनिट लागतं, तर वरचं अर्धं चिलर, पंखे, यूपीएस यांचं. मे महिन्यात रात्री दोन वाजतासुद्धा गच्चीवरच्या चिलरपाशी उभं राहवत नाही, अंगावर गरम वाफारा येतो. वीज गेली तर सेकंदाचाही खंड नको म्हणून डिझेलचे जनरेटर तयार असतात आणि ते ठरलेल्या दिवशी चालवून बघावे लागतात. आजूबाजूच्या वस्तीला तो आवाज, तो धूर माहीत आहे. आणि प्रत एक नसते. एक चालू, एक बॅकअप, एक दुसऱ्या शहरात.

आता तुमचा मीटर घ्या. महिन्याचे युनिट पाच वर्षं ठेवले तर ६० आकडे. तासाचे ठेवले तर ४३,८००. एका घराचे. प्रत्येकाच्या तीन प्रती. एका घराने माझ्या मीटरवर काही फरक पडत नाही, पण ॲपवाल्याकडे घरं लाखांनी असतात. पर्यावरणासाठी म्हणून कर्ज द्यायचं आणि त्याच कर्जाच्या नावाने गरज नसलेली माहिती आमच्याकडे आणून थंड करत ठेवायची, याचं मला रोज वाईट वाटतं. जे घेतलंच नाही ते ठेवायला वीज लागत नाही. माझ्या लेखी कमी माहिती मागणारं कर्ज हे खरं हिरवं.

पॅनेल बसतील तेव्हा इन्व्हर्टरला एक वायफायची कांडी लावतात, तिच्यातून उत्पादनाचा आकडा कंपनीच्या सर्व्हरवर जातो. तो सर्व्हर कुठे आहे आणि लॉगिन कुणाच्या नावावर आहे ते आधी विचारा. लॉगिन तुमच्या नावावर घ्या, बसवणाऱ्याला फक्त बघायची परवानगी द्या. आणि तिथे घराचा वापर मोजणारा वेगळा मीटर जोडू देऊ नका. उत्पादन समजायला तो लागत नाही.

एक गोष्ट वेगळी, पण ती सांगितल्याशिवाय मला झोप लागणार नाही. ग्रिडला जोडलेलं सोलर लाइट गेली की आपोआप बंद पडतं, भर दुपारी उन्हातसुद्धा. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून तसं केलेलं असतं. बाबांचं मशीन त्यावर चालेल असं धरून चालू नका. बॅटरीचा इन्व्हर्टर आणि भरलेला सिलिंडर दोन्ही घरात हवेत.

प्रशांत_घणसोली

ताई, मी वर जे लिहिलं ते घाईत लिहिलं. काल माझ्या फोनच्या सेटिंगमध्ये बघितलं, त्या ॲपला कॉन्टॅक्ट आणि लोकेशन दीड वर्ष चालूच होतं. बंद केलं. बायकोच्या भावाला मध्यंतरी कर्जाचे फोन येत होते, ते कुठून ते आज कळलं. मीही ईमेल टाकतोय. श्रीकांतकाका, मजकूर असेल तर द्या.

श्रीकांत_नौपाडा

प्रशांत, साधं लिहा. ‘अमुक अर्ज क्रमांक. माझ्या फोनमधील कॉन्टॅक्ट, लोकेशन व वीजवापराची माहिती घेण्याची व इतरांना देण्याची संमती आजपासून मागे घेत आहे. घेतलेली माहिती पुसून तसे लेखी कळवावे. ती आजवर कोणाकोणाला दिली त्यांची नावे द्यावीत.’ तारीख, नाव. शेवटचं वाक्य गाळू नका. उत्तर द्यायला त्यांना तेच सगळ्यात जड जातं, म्हणून ते लेखी हवं.

सुजाता_ऐरोली

तीन आठवडे झाले, काय झालं ते सांगते.

त्याच रात्री परमिशन बंद केल्या, अ‍ॅग्रिगेटरची संमती रद्द केली. ते काम दोन मिनिटांचं निघालं. ईमेल टाकला, तक्रार क्रमांक मिळाला. सहाव्या दिवशी उत्तर आलं: कॉन्टॅक्ट पुसले, अर्ज बंद केला. मीटरबद्दल एक अक्षर नाही. कुणाला दिलं तेही नाही. पुन्हा लिहिलंय, ३० दिवस पुढच्या मंगळवारी संपतात. लोकपालाच्या तक्रारीचा मसुदा मुलीने तयार करून ठेवलाय, त्यात नणंदेच्या फोनचा स्क्रीनशॉट आहे.

कर्जाचा अर्ज योजनेच्या पोर्टलवरून बँकेत केला. शाखेतल्या बाईंनी आधार, पॅन, पगाराच्या स्लिपा, खात्याचा उतारा, सोलरचं कोटेशन आणि एक वीजबिल मागितलं. मी मुद्दाम विचारलं, तासाचा वापर लागेल का? त्यांना प्रश्नच कळला नाही. की फॅक्ट स्टेटमेंट इंग्रजीत दिलं होतं. मराठीत मागितलं तेव्हा म्हणाल्या, आजवर कुणी मागितलंच नाही. दोन दिवसांनी मराठीत आलं. हप्ता २,९०० च्या जरा वर. दहा मिनिटांत नाही झालं, सतरा दिवस लागले.

बसवणारी कंपनीही बदलली. इन्व्हर्टरचं लॉगिन माझ्या ईमेलवर करून देणार आहेत, कार्बनची ओळ करारात नाही. पहिल्या कंपनीच्या त्या मुलाचा परवा फोन आला होता. त्याच्यावर चिडावंसं वाटलं नाही. त्याला विचारलं, तुझ्या टॅबलेटवर ती अकरा पानं तू कधी वाचलीस का? नाही म्हणाला. मी त्याला पाठवून दिलीत.

नणंद रविवारी येऊन गेली. तिला सगळं दाखवलं, तो आलेखही. फेब्रुवारीच्या सपाट रेघेवर बोट ठेवून ती बराच वेळ काही बोलली नाही.

रात्रपाळीवाले दादा, तुमची शेवटची गोष्ट आम्हाला अजिबात ठाऊक नव्हती. आम्ही धरूनच चाललो होतो की आता लाइट गेली तरी बाबांची काळजी नाही. बॅटरीचा इन्व्हर्टर पॅनेलबरोबरच घेतोय. सिलिंडर काल भरून आणला, पलंगाच्या उशाशी उभा करून साखळीने बांधलाय. मुलीने त्याच्यावर भरल्याची तारीख चिकटवली आहे.